ताराचंदचं समुद्रफूल

नागपुरात समुद्र पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्याच हाताखाली कामाला होता. चंद्रभान मेश्राम. कोराडीच्या वीज केंद्रात पाणी तपासायची जी प्रयोगशाळा आहे, तिथे तो सहायक होता आणि मी केमिस्ट. लोकांना वाटतं वीज कोळशाची होते. कोळसा नुसता जळतो. राबतं ते पाणी. बॉयलरसाठी ते इतकं शुद्ध करावं लागतं की त्यात क्षार म्हणून काही शिल्लक राहत नाही. त्याला आम्ही 'उपाशी पाणी' म्हणायचो. जवळचं सगळं काढून घेतलेलं असल्यामुळे ते ज्याला भेटेल त्याला थोडं थोडं खायला लागतं. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी हे सांगायचो. चंद्रभानलाही मीच सांगितलं होतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यातून मला स्वतःला सोडवून घ्यायचं नाही.

माणूस विलक्षण चिवट. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना वडील गेले आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. त्यामुळे साहेब लोक त्याला 'सहायक' म्हणून वागवत, आणि अडलं की त्यालाच बोलावत. एकच नमुना तो तीनदा तपासायचा. मी वैतागून म्हणायचो, "अरे बापा, पाणी आहे ते, नवरी नाही. किती वेळा पाहशीन?" तो ओठ मिटून हसायचा आणि चौथ्यांदा पाहायचा.

कॉलनीत तळमजल्यावर त्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. बायको जया दवाखान्यात नर्स. म्हणजे सकाळी सात वाजता नवरा-बायको दोघंही घराबाहेर, आणि घरात एकटी त्याची आई, रुखमाबाई. थोरला भाऊ ताराचंद मुंबईला मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी होता. मौद्याकडच्या खेड्यात जन्मलेला, नदीत नीट पोहताही न येणारा हा माणूस समुद्रावर कसा पोचला ते त्यालाच ठाऊक. लग्न केलं नव्हतं. दसऱ्याला मात्र तो न चुकता यायचा, कारण दीक्षाभूमीवर आईला घेऊन जायचं त्याने ठरवून टाकलं होतं. छप्पन साली याच मैदानावर तो सतरा वर्षांचा असताना आईचा हात धरून उभा होता, असं तो सगळ्यांना सांगायचा.

सत्त्याहत्तरच्या दसऱ्याला तो मेलने उतरला तो समुद्र घेऊनच. चार प्लास्टिकचे कॅन भरून खारं पाणी आणि झाकणाला भोकं पाडलेला एक मोठा डबा. डब्यात किनाऱ्यावरचे दोन दगड होते. एका दगडावर पोवळ्याचा जिवंत थर, खडबडीत, हिरवट-तपकिरी. दुसऱ्यावर घट्ट चिकटून बसलेला एक मऊ गोळा. वाटेत त्याने प्रत्येक मोठ्या स्टेशनवर सायकलच्या पंपाने डब्यात हवा भरली होती म्हणे.

"धाकल्या, तू पान्याचा मास्तर ना?" तो चंद्रभानला म्हणाला. "मंग हे जगवून दाखव. तवा मानतो."

तो गोळा काचेच्या टाकीत उमलला तेव्हा मी पहिल्यांदा त्या घरी गेलो. जांभळट देठ, वर शंभरएक बोटं, पाण्यात हलणारी. झिंग्याचा बारीक तुकडा काडीवर धरून चंद्रभानने जवळ नेला, तर बोटांनी तो पकडून मधल्या तोंडात ढकलला. झाड नव्हे, जनावर आहे ते, हे मला माहीत होतं. तरी माझ्या तोंडून 'अरे बाप रे' निघालं. पुस्तकात त्याला समुद्रफूल म्हणतात. रुखमाबाई नुसतं 'फूल' म्हणायची.

त्याच वेळी ती आतून पाणी घेऊन आली. चकचकीत तांब्याचा पेला. "पानी घ्याल ना, साहेब?" तिने विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी काटोलकडच्या शेतकरी घरातला. आमच्या घरी या लोकांसाठी पेला वेगळा असायचा, पडवीच्या कोनाड्यात. मी शिकलेला, सुधारलेला वगैरे; पण हात पुढे करायला मला क्षणभर उशीर झाला. मग पाणी प्यालो. तिने उशीरही पाहिला आणि पिणंही पाहिलं, आणि "बसा" म्हणून आत गेली. मला स्वतःची लाज वाटली. ती अजून वाटते.

ते पाणी ज्या गुंडातलं, त्या गुंडाबद्दल सांगायला हवं. गुंड म्हणजे पाणी भरून ठेवायचा मोठा हंडा, तांब्याचा, इतवारीच्या बाजारातून आणलेला. गावी असताना त्यांच्या बायकांना विहिरीला हात लावता येत नसे. मडकं लांब ठेवायचं आणि कोणाला दया येईपर्यंत उभं राहायचं. वरून कोणी ओतलं तर पाणी, नाहीतर परत. नागपूरला आल्यावर वस्तीत सरकारी नळ लागला आणि नवऱ्याने पहिली वस्तू घेतली ती हा गुंड. तेव्हापासून रुखमाबाई तो रोज सकाळी चिंचेने घासायची, आतून बाहेरून, आरशासारखा होईपर्यंत. कोराडीत चिमणीची राख उडते. ताटावर, अंथरुणावर, माणसाच्या कानात राख. त्या गुंडावर मात्र मी कधी राखेचा कण पाहिला नाही. त्यावर पांढरं धुतलेलं फडकं असायचं. आमच्या घरचं पाणी वाईट आहे असं कोणी म्हणू नये, एवढीच तिची जिद्द होती. तांब्यातलं पाणी शुद्ध असतं हे तर आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो.

दीड-दोन वर्षं त्या टाकीचं फार छान चाललं. चंद्रभानने तळाला वाळू आणि शिंपल्यांचा चुरा घातला, हवेचा छोटा पंप लावला. पाणी किती खारं झालंय हे बघायला त्याच्याकडे एक काचेची नळी होती. पाण्यात सोडली की खारेपणाप्रमाणे वर-खाली तरंगायची. त्यातली मेख अशी : नागपूरच्या उन्हात टाकीतलं पाणी उडतं, पण मीठ उडत नाही, मागेच राहतं. म्हणजे रोज जेवढं उडेल तेवढं गोडं पाणी वरून घालायचं, नाहीतर टाकीचं लोणचं होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून चंद्रभान माझ्या परवानगीने उपाशी पाण्याचा एक कॅन घरी न्यायचा आणि कामावर निघण्याआधी थेट टाकीत ओतायचा. मे महिन्यात टाकीभोवती ओली पोती बांधायचा. महिन्याला थोडं जुनं पाणी काढून नवं खारं पाणी घालायचा, ताराचंदने आणलेलं पुरेपर्यंत ते, नंतर सीताबर्डीहून क्षार आणून स्वतः बनवलेलं. पोवळ्याच्या दगडावर नवा थर चढला. कॉलनीतली माणसं नातेवाइकांना घेऊन बघायला येऊ लागली. अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याला ताराचंद आला तेव्हा टाकीपुढे मांडी घालून तासभर बसला आणि म्हणाला, "मानलं गा."

एकोणऐंशीच्या ऑगस्टमध्ये तार आली. ट्रॉलर वादळात सापडला होता. सहा माणसांपैकी दोघं मिळाली, जिवंत. चौघांचा पत्ता नाही. चंद्रभान मुंबईला जाऊन पंधरा दिवस बंदरावर फिरला आणि भावाची एक पत्र्याची पेटी घेऊन परत आला. देह मिळालाच नाही.

रुखमाबाई रडली नाही. शेजारच्या बायका आल्या, त्यांना तिने चहा पाजला. चंद्रभानने हळूच विषय काढला, की विहारातल्या भन्तेजींना बोलवून भावाचं पुण्यानुमोदन करून घेऊ. त्या लोकांत माणूस गेला की त्याच्या नावाने वंदना होते, लोक जमतात, मग घर पुन्हा चालू लागतं. ती म्हणाली, "कोनाचं? तू पाह्यलं का त्याले मेलेलं?"

"माय, महिना झाला."

"महिना होवो नाई तं साल होवो. ते फूल पाह्य. त्याच्या हातचं हाय. ते जित्तं हाय तवरिक माहा ताराचंद जित्ता हाय. कुठी तरी लागला असन कोन्या गावाले."

चंद्रभान बाबासाहेबांच्या विचारांवर वाढलेला. नवस, कौल, अंगारा यांचा त्याला तिटकारा. तो मला म्हणाला, "महादेवराव, हे अंधश्रद्धाच हाय. पण मी तिले काय समजावू? दुसरं हाय काय तिच्यापाशी?" तेव्हापासून ती टाकी कौतुकाची राहिली नाही. त्या फुलाला काही झालं तर आईचा एक मुलगा त्या दिवशी मरणार होता, हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं.

टाकी आता रुखमाबाईने हातात घेतली. सकाळी सगळे गेले की पाणी घालायचं काम तिचं. आणि जुनं पाणी काढायला तिने साफ बंदी केली. "ते पानी त्यानं आनलं हाय. मोरीत टाकतोस?" खरं तर त्यातलं ताराचंदचं पाणी किती उरलं असेल देव जाणे, पण कोण वाद घालणार. चंद्रभानने काचेचं झाकण नीट बसवून दिलं, ती सांगेल तसं वागला.

हिवाळा निघाला. मार्चमध्ये पोवळ्याच्या दगडाचा रंग उतरू लागला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो चुन्यासारखा पांढरा पडला. आम्ही उन्हाळ्याला दोष दिला. मग फूल आक्रसलं. बोटं आखूड झाली, तोंड वासलेलं राहू लागलं, झिंग्याचा तुकडा धरायचं आणि सोडून द्यायचं. एका सकाळी ते दगडावरून निम्मं सुटलेलं दिसलं.

चंद्रभानची झोप गेली. त्याने टाकीच्या पाण्याचे नमुने आणून तपासायचा सपाटा लावला : खारेपणा ठीक, आम्लता ठीक, अमोनिया नाही, उष्णता थोडी जास्त पण गेल्या वर्षीइतकीच. माझा संशय राखेवर होता. तीही तपासली, नाही. शेवटी मुंबईच्या एका मत्स्यालयातल्या जाणत्या साहेबांना त्याने सविस्तर पत्र लिहिलं. पंधरवड्याने पोस्टकार्ड आलं, चार ओळींचं. त्यात विचारलं होतं की पाण्याचा कुठे धातूशी, विशेषतः तांब्याशी संबंध येतो का? मासे तांबं थोडंफार सोसतात. समुद्रफूल आणि पोवळं अजिबात सोसत नाहीत.

"तांबं कुठून येईन?" चंद्रभान म्हणाला. "काच, वाळू, प्लास्टिकची नळी. पानी आपलंच."

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी बदलली, दुपारची झाली. म्हणून कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो सकाळी नऊ वाजता घरी होता; एरवी सुटीची सकाळही त्याची बाजारहाटात जायची. रुखमाबाईने गुंड चिंचेने घासला, तीनदा खळबळला. मग कॅन उचलला आणि त्यातलं उपाशी पाणी गुंडात ओतलं. वर फडकं झाकलं. आणि आदल्या दिवशीचं, रात्रभर गुंडात मुरलेलं, तांब्याभर पाणी काढून तिने टाकीजवळ ठेवलेलं होतं, ते हलक्या हाताने आत सोडलं.

"माय, हे काय करून राहिली तू?"

"काय करून राहिली म्हंजे? कॅनचं पानी देऊ का त्याच्या फुलाले? वास येते त्याले प्लास्टिकचा. अन् किती जनाचे हात लागले असन. मी गुंडातलंच देतो. पयल्यापासून."

एका बाटलीत गुंडातलं पाणी आणि दुसऱ्या बाटलीत टाकीतलं, असं घेऊन बारा वाजताच प्रयोगशाळेत आला. बॉयलरच्या पाण्यात तांबं उतरलंय का हे आम्ही रोज पाहतो. द्रव्य टाकलं की पाणी पिवळं-तपकिरी होतं, जितकं गडद तितकं तांबं जास्त. ही एकच तपासणी त्याने टाकीसाठी केली नव्हती, कारण घरात बॉयलर नव्हता. गुंडातलं पाणी चहासारखं झालं. टाकीतलं त्याहून थोडं फिकं. तीन वेळा केली. मी या वेळी थट्टा केली नाही.

माणसाने प्यायला त्या पाण्यात काही वाईट नव्हतं. पण एक तर ते उपाशी पाणी, त्यात रोज चिंचेने सोललेलं ताजं तांबं, आणि रात्रभराची गाठ. साध्या पाण्याने एवढं तांबं उचललं नसतं. मीठ जसं टाकीत मागे राहतं तसं तांबंही मागे राहिलं होतं, आठ महिने, रोज एक तांब्या. आम्ही दोघं पाणीवाले, आणि हे आमच्या नाकाखाली झालं!

"उपाय आहे," मी म्हटलं. "पाणी बदल. सगळं."

बुद्धपौर्णिमेला रुखमाबाई जयाबरोबर सकाळीच विहारात गेली. आम्ही दोघं पोक्त माणसं चोरासारखी घरात शिरलो. तयार करून ठेवलेलं खारं पाणी ड्रममधून आणलं, जुनं पाणी नळीने मोरीत सोडलं, वाळू धुतली. ताराचंदचा समुद्र मोरीतून जाताना चंद्रभान पाठ करून उभा होता. दोन तासांत टाकी पूर्ववत केली आणि फरशी पुसून काढली.

आणि फूल वर आलं. खरंच आलं. पाचव्या दिवशी बोटं लांब झाली, सातव्या दिवशी त्याने झिंगा गिळला. पोवळं मेलं होतं ते मेलंच, पण फूल पुन्हा दगडाला चिकटलं. मी पेढे आणा म्हणून ओरडलो.

आता प्रश्न एवढाच होता की रुखमाबाईने पाणी घालू नये. केवढासा प्रश्न! चंद्रभान आठ दिवस कॅन लपवून, स्वतः पाणी घालून कामावर येत होता. "आज पानी नाही आनलं, उद्या आनतो," असं तिला सांगत होता. मी म्हटलं, स्टीलचा गुंड आणून दे. आणला. तिने त्यात तांदूळ भरले. मी म्हटलं, आतून कल्हई करून घे. कल्हईवाला दारात आला, तर ती त्याच्यावरच खेकसली, "पान्याच्या गुंडाले कोनी कल्हई करते का बाप्पा?" बरोबरच होतं तिचं. कोणी करत नाही.

"खरं सांगून टाक," मी म्हणालो.

"काय सांगू? तुह्या हातानं मरून राहिलं होतं म्हनू?"

एके दिवशी कॅन तिच्या हाती लागला. तिने सरळ विचारलं, "पानी हाय. मंग काहून लपवतं? मले काहून टाकू देत नाई?"

चंद्रभानला खोटं बोलायची सवय नव्हती, तिथेच सगळं बिघडलं. सवयीचा माणूस काहीतरी बरं खोटं बोलला असता. याने घाईघाईने खिशातलं ते पोस्टकार्ड काढलं आणि वाचल्यासारखं केलं. आईला अक्षर येत नव्हतं. "मुंबईच्या साहेबानं लिहिलं हाय, माय. म्हनते, त्या पान्याले कोनाचा हात लागू देऊ नका."

तिने कार्डाकडे पाहिलं. "कोनाचा म्हंजे? तू टाकतं ना. जयाचा बी हात लागते. म्हंजे माहाच ना?"

त्याने कार्ड पुन्हा खिशात घातलं.

"विहिरीवर बी असंच सांगत होते," ती म्हणाली. "समुद्राले बी आपला हात चालत नाई काय गा?"

जयाने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत होती. चंद्रभानने किती समजावलं, की तसं नाही, साहेबाला तुझी जात काय माहीत. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. रुखमाबाई भांडली नाही, हेच वाईट. टाकीसमोरची तिची चटई तिने उचलली आणि मागच्या खोलीत नेली. फूल बघायला म्हणून ती पुढच्या खोलीत येईनाशी झाली. एक पोळी खायची, तीही अर्धी. मी चार-पाच दिवसांनी गेलो तेव्हा माझं लक्ष मोरीजवळ गेलं. गुंड काळवंडला होता. बावीस-तेवीस वर्षांत जो एक दिवस बिनघासलेला राहिला नव्हता, त्यावर राखेचा थर बसला होता, फडकं बाजूला पडलेलं. मला पाणी जयाने दिलं, स्टीलच्या पेल्यात. रुखमाबाई दारात येऊन बसली खरी, पण पाणी घ्याल का, असं तिने विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी चंद्रभान प्रयोगशाळेत आला, बाकावर बसला आणि म्हणाला, "महादेवराव, मी मायले पानी टाकाले सांगतलं."

"कशातलं?"

"गुंडातलं. म्हटलं, साहेबाची चूक झाली, दुसरं पत्र आलं. म्हटलं, तुह्याच हातचं पानी लागते त्याले."

मी भडकलो. हातातली नळी मी आदळली, ती फुटली. "अरे मूर्खा, ते मरन! अन् ते मेलं म्हंजे तिच्यासाठी ताराचंद मरन, तूच तं म्हनत होता!"

"हो."

"मंग?"

"तिनं आज सकाळी गुंड घासला," तो म्हणाला. "दीड तास घासत होती. दोन पोळ्या खाल्ल्या." मग बराच वेळ तो काचेचे तुकडे गोळा करत राहिला. "ते फूल मेलं तं तिचा पोरगा जाईन. पण मी तिचा हात बाजूले केला तं ती आजच गेली ना. अन् तोही पोरानंच केला."

मी वाटा शोधल्या. तिच्या नकळत पाणी बदलत जाऊ म्हटलं. कधी? आता ती टाकीपुढून हलत नव्हती, जेवायचीही तिथेच. उपाशी पाण्याऐवजी क्लोरीन काढलेलं साधं पाणी दे म्हटलं. ते तो देतच होता, पण तांबं तांबंच. थोडं हळू मारेल, एवढाच फरक. मीच जाऊन खरं सांगतो, असंही म्हणालो. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत फूल टिकलं. रुखमाबाई त्याच्याशी बोलायची, म्हणे. पाऊस लागला की तू येशीन ना, असं. मग बोटं आक्रसली, देठ लोंबला, आणि एका गुरुवारी ते दगडावरून सुटून तळाशी पडलं. पाणी गढूळ झालं, वास सुटला. चंद्रभान ते फडक्यात घेऊन मागच्या कडुनिंबाखाली पुरून आला.

निरोप मिळाला तसा मी संध्याकाळी गेलो. पंप बंद होता. रुखमाबाई रिकाम्या टाकीपुढे बसली होती. मला पाहून तिने पदर सारखा केला आणि समोर बसायची खूण केली. चंद्रभान दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"महादेवराव," ती म्हणाली, "तुमी पान्याचे साहेब. माहा पोरगा तं मले बरं वाटावं म्हनून काहीही सांगन. तुमी खरं सांगा. माह्या पान्यात दोष होता का?"

मी आयुष्यभर फटकळ म्हणून ओळखला गेलेला माणूस. वरिष्ठांना तोंडावर बोललो, बढती घालवली. त्या बाईच्या समोर मात्र मला तिची चिंचेने फाटलेली बोटं दिसत होती, आणि या बाईला पाण्यात दोष आहे असं सांगणारा आणखी एक माणूस मी होणार नाही, एवढंच मला कळलं.

"नाही, माय," मी म्हणालो. "तुमचं पाणी एकदम शुद्ध होतं."

"पक्कं?"

"मी सोता तपासलं."

ती मान हलवत राहिली. "म्हंजे पान्यानं नाई गेलं ते."

"नाही."

"उन्हानं?"

"नाही. उन्हानं बी नाही." मला वाटलं, उन्हाचं नाव घेतलं तर टाकी नीट झाकली नाही म्हणून ती स्वतःला खाईल.

"मंग तो गेला," ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती बाई माझ्याकडे दोष मागायला बसली होती. पाण्यात दोष असता तर फूल पाण्याने मेलं असतं, आणि ताराचंद अजून कुठल्यातरी गावाला लागलेला राहिला असता. तिने स्वतः विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि मी मोठ्या मनाने तिला निर्दोष ठरवून तिचा पोरगा बुडवला.

"चंद्रभान," ती म्हणाली, "भन्तेजीले निरोप धाड. ताराचंदचं करून टाकू." आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा ती रडायला लागली, तोंडात पदर कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मी बोलायला तोंड उघडलं. चंद्रभानने दारातूनच मान हलवली, नको म्हणून.